सहावा मणी



मध्यंतरी डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, त्यामुळे बरेच दिवस लिहिणे बंद होते. आता दिसते आहे बर्‍यापैकी. आज लिहायला बसलो त्याला निमित्त झाली एक मोडलेली सोयरीक.

आमच्या ओळखीतल्या एका घरी मुलीचे लग्न जमत आले होते. (नाव-गाव सांगत नाही. ज्यांच्या लक्षात येईल त्यांनीही ते मनातच ठेवावे ही विनंती.) मुलगी शिकलेली, नोकरी करणारी. पाहणे झाले, पसंती झाली, साक्षगंधाची तारीखसुद्धा निघाली. मुलाकडच्यांनी सुचवले की आजकाल दोघांचेही रक्त तपासून घेतात, आपणही घेऊ. शहाणपणाचीच गोष्ट होती. रिपोर्ट आले. मुलाचा 'एए', मुलीचा 'एएस'. संध्याकाळी मुलाच्या वडिलांचा फोन आला, "पोरीत सिकल निघाली. आमचं काही जमत नाही."

मुलीचे वडील तो कागद घेऊन माझ्याकडे आले. "गुरुजी, तुम्ही वाचता, लिहिता. पोरीला नेमकं झालं तरी काय?"

मी बीए, तेही मराठी माध्यमातून, विषय मराठी आणि इतिहास. रक्तातले मला काय कळणार? माझी पुतणी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तिला फोन लावला. ती म्हणाली, "काका, त्या मुलीला काहीही झालेलं नाही. ती फक्त वाहक आहे." मी तसे सांगितले. त्यांना पटले नाही. खरे तर मलाही नीट समजले नव्हते. मग या विषयावर मिळेल ते वाचत सुटलो. तीन महिने तेच चालले होते. आमची ही म्हणाली, "या वयात डॉक्टर व्हायचं ठरवलंय का?" डॉक्टर नाही, पण इतिहासाचा मास्तर आहे. एखादी गोष्ट समजत नसली की ती सुरुवातीपासून सांगायची, एवढी एकच युक्ती मला येते. तीच इथे करतो.

पण त्याआधी माझे एक जुने देणे सांगायला हवे.

१९८१ साल असेल. विदर्भातल्या एका गावात मी पाचवीला शिकवत होतो. वर्गात एक मुलगा होता. अंगाने किरकोळ, डोळे सदा पिवळसर, हुशार. पण महिन्यातून आठ दिवस गैरहजर. विचारले की एकच उत्तर, "हातपाय ठणकून राह्यले जी गुरुजी." सूज नाही, मार नाही, ताप असला तर असला. दोन दिवसांनी पोरगा पुन्हा ठणठणीत. मी ठरवून टाकले की हा कामचुकार आहे. पौष महिन्यातल्या एका सकाळी, प्रार्थनेनंतर, मी त्याला मैदानाला चार फेर्‍या मारायला लावल्या. तिसर्‍या फेरीत तो खाली बसला. मी रागावलो. त्यानंतर तो पंधरा दिवस आला नाही. पुढच्या वर्षी हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते. गेला, असे कळले. कशाने, ते गावात कोणालाच सांगता आले नाही.

निवृत्तीनंतर तीन-चार वर्षांनी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्याबाहेर एका माणसाने वाकून नमस्कार केला. त्या मुलाचा धाकटा भाऊ. बरोबर त्याचा मुलगा, हातात कार्ड. म्हणाला, "याले सिकलसेल आहे जी. डॉक्टर म्हणते, दादालेही तेच असन." मी काही बोललो नाही. काय बोलणार? त्याला त्या फेर्‍यांची आठवण नव्हती. मला होती.

असो. आता सुरुवातीपासून.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या शिकागो शहरात, १९०४ च्या डिसेंबरात. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा वीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण दंतवैद्यकी शिकायला तिथे आला होता. खोकला, ताप, अशक्तपणा म्हणून तो दवाखान्यात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. रक्तातल्या लाल पेशी एरवी गोल, मध्ये दबलेल्या असतात. इथे काही पेशी लांबट, टोकदार, विळ्यासारख्या वाकलेल्या दिसल्या. आयर्न्सने त्या आपल्या वरिष्ठांना, डॉ. जेम्स हेरिक यांना दाखवल्या. हेरिक यांनी सहा वर्षांनी, १९१० मध्ये, या रोग्याविषयी लेख लिहिला. या आजारावरचा वैद्यकीय नियतकालिकातला हा पहिला लेख समजतात.

नोएल मात्र या सगळ्यात हरवला. लेखात त्याचे नाव नव्हते. तो अधूनमधून आजारी पडतच शिकला, १९०७ मध्ये परीक्षा पास होऊन आपल्या बेटावर परतला, दवाखाना थाटला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने वारला. वय बत्तीस. तो रोगी कोण होता, कसा जगला, ही हकीकत अभ्यासकांनी शोधून छापली ती १९८९ मध्ये. त्याच्या पेशींचे चित्र तोवर जगभर झाले होते.

१९२२ मध्ये व्हर्नन मेसन या डॉक्टरांनी आजाराचे बारसे केले, 'सिकल सेल ॲनिमिया'. सिकल म्हणजे विळा. पण हे झाले इंग्रजीतले बारसे. आफ्रिकेत हा आजार कितीतरी आधीपासून माणसांच्या ओळखीचा होता. घाना देशातले डॉ. फेलिक्स कोनोटे-अहुलू यांनी स्वतःच्या घराण्यात हा आजार पिढ्यानपिढ्या मागे शोधत नेला तो थेट १६७० पर्यंत. तिकडच्या गा भाषेत या आजाराला 'च्वेच्वेच्वे' असे नाव आहे, तेच तेच पुन्हा येणार्‍या दुखण्यासारखे तेच तेच पुन्हा येणारे अक्षर. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. आपला 'ठणका' तरी दुसरे काय आहे? ठण, ठण, ठण. त्या पोराने मला आजाराचे नाव अगदी नीट सांगितले होते. ऐकणारा बहिरा होता.

हे दुखणे नेमके होते कसे? रक्ताच्या लाल पेशीत हिमोग्लोबिन असते. ते फुप्फुसातून प्राणवायू घेते आणि अंगभर पोचवते. या आजारात प्राणवायू उतरवून झाला की हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून लांब दोर्‍या होतात. दोर्‍यांनी पेशी आतून ताणली जाते आणि विळ्यासारखी वाकते. प्राणवायू कमी झाला की हा प्रकार होतो, हे १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले. वाकलेल्या, ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त जात नाही आणि हाडे ठणकतात. साधी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याची पेशी त्याच्या कितीतरी आधी फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. थंडी, तहान, ताप, दमछाक यांनी दुखणे उसळते. पौषातली सकाळ आणि मैदानाच्या फेर्‍या. पुढे लिहायला नको.

आता प्रश्न असा, की हा आजार येतो कुठून? डासातून नाही, पाण्यातून नाही, शिवाशिवीतून तर मुळीच नाही. १९४९ मध्ये अमेरिकेतले जेम्स नील आणि त्याच सुमारास आफ्रिकेतले डॉ. बीट यांनी याचा हिशेब लावला. तो असा. प्रत्येक माणसाकडे या हिमोग्लोबिनच्या कृतीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती बरोबर असल्या तर 'एए'. एक बरोबर आणि एक बदललेली असली तर 'एएस', म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या असल्या तर 'एसएस', म्हणजे आजार. वाहकाची एक बरोबर प्रत काम निभावून नेते. तो बहुधा जन्मभर ठणठणीत राहतो. फार उंचावर किंवा पाण्यावाचून जीवघेणे श्रम केले तर क्वचित कोणाला त्रास होतो, एवढेच.

मुलाला देताना आईवडील प्रत्येकी एकच प्रत देतात, छापा-काटा केल्यासारखी. दोघेही वाहक असले तर दर खेपेला आजाराची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, आणि पूर्ण मोकळे असण्याची चारात एक. इथे पुष्कळ जण गफलत करतात. एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन बरी निघतील, असे समजतात. नाण्याला आठवण नसते मंडळी! दर खेपेला डाव नवा.

आणि एक वाहक, दुसरा 'एए' असला तर? मग मुलाला दोन्ही बदललेल्या प्रती मिळणार कुठून? एका बाजूकडे ती प्रतच नाही. मूल फार तर वाहक होईल. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

त्याच १९४९ साली दुसरी मोठी गोष्ट घडली. कॅलिफोर्नियातले प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या कानावर हा आजार एका डॉक्टरांशी झालेल्या बोलण्यातून आला होता. त्यांच्या मनात आले की दोष पेशीत नसून आतल्या हिमोग्लोबिनमध्येच असला तर? काम हार्वे इटानो या तरुण डॉक्टरकडे आले. विजेच्या प्रवाहात रक्तातले हिमोग्लोबिन सोडले की निरोगी माणसाचे एका वेगाने सरकते आणि सिकलसेलच्या रोग्याचे वेगळ्या वेगाने. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार सापडले. एका रेणूतल्या बदलाने माणूस आजारी पडतो, हे पहिल्यांदा डोळ्यांना दिसले. आपल्याकडच्या लॅबमध्ये इलेक्ट्रोफोरेसिस म्हणून जी तपासणी करतात, ती याच तत्त्वावर चालते.

इटानोची एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याचे आईवडील जपानी. १९४२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात तो पहिला आला, पण पदक घ्यायला समारंभाला जाऊ शकला नाही. युद्ध पेटले होते आणि जपानी वंशाच्या माणसांना सरकारने छावण्यांत डांबले होते. 'तुझे रक्त वेगळे' म्हणून ज्याला बंदिस्त केले, त्यानेच पुढे रक्तातला खरा फरक मोजून दाखवला.

फरक होता तरी केवढा? ते शोधले व्हर्नन इन्ग्रॅम यांनी, इंग्लंडमधल्या केंब्रिजला, १९५६-५७ मध्ये. त्यांनी हिमोग्लोबिनचे लहान लहान तुकडे केले आणि ते कागदावर पसरवले. दोन्ही कागदांवरचे ठिपके सारखे, फक्त एक ठिपका जागचा हललेला. त्या तुकड्याचा माग काढत गेल्यावर कळले की १४६ मण्यांच्या एका माळेत सहावा मणी बदललेला आहे. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बस्स. पुढे जनुकाची अक्षरे वाचता येऊ लागली तेव्हा दिसले की त्या जागी एकच अक्षर बदलले आहे, 'ए'च्या जागी 'टी'.

शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात ज्याचा जन्म गेला त्याला हे समजायला जड नाही. 'स्वातंत्र्य दिन' ऐवजी पोरे 'स्वातंत्र्य दीन' लिहीत. एक वेलांटी बदलली की दिवसाचा दरिद्री होतो. मी तांबड्या शाईने गोल करायचो. इथे तो गोल करायला माणसाला सत्तेचाळीस वर्षे लागली, १९१० ते १९५७.

मग असा चुकीचा मणी हजारो वर्षे टिकला कसा? इतकी मुले दगावत असताना तो नाहीसा व्हायला हवा होता. याचे उत्तर अँथनी ॲलिसन यांनी दिले. ते केनियात वाढलेले. त्यांच्या लक्षात आले की जिथे मलेरिया जास्त, तिथेच वाहकही जास्त. १९५४ मध्ये त्यांनी दाखवून दिले की वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. ज्या प्रदेशात मलेरिया घरोघर मुले नेत होता तिथे 'एएस' मुले जास्त संख्येने जगली, वाढली, त्यांना मुले झाली. दोन प्रती आल्या की मरण, एक आली की कवच. म्हणजे वाहक असणे ही त्या पूर्वजांची कमाई होती, कलंक नव्हे.

आता आपल्याकडे येऊ. भारतात सिकलसेल १९५२ मध्ये सापडला. दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरातल्या जमातींमध्ये लेहमन आणि कटबुश यांनी आणि आसामात चहामळ्यांतल्या मजुरांमध्ये डनलप आणि मजुमदार यांनी तो नोंदवला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या, नागपूरकडच्या लोकांमधल्या सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात लिहिले. मी तेव्हा दुसरीत होतो. पुढे गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा अशा जमातींत आणि अनुसूचित जाती व इतर समाजांतही तो आढळत गेला. १९८६ पासून गडचिरोलीत काम करणार्‍या डॉ. अभय आणि राणी बंग यांनीही सुरुवातीच्या काळात त्या जिल्ह्यातला सिकलसेल शोधून दाखवला. पुढे जनुकांच्या अभ्यासातून काही शास्त्रज्ञांनी असेही मांडले की आपल्याकडचा हा बदल आफ्रिकेतून आलेला नसावा. तो अरबस्तान-भारत या पट्ट्यात वेगळा उगवला असे ते मानतात.

१९५८ आणि १९८१. वजाबाकी मी पुन्हा पुन्हा करून पाहिली. तेवीस वर्षे. नागपूरच्या रक्ताविषयी लंडनला छापून येऊन तेवीस वर्षे झाली होती आणि तिथून एका दिवसाच्या एसटीच्या अंतरावर एक मास्तर एका पोराला आळशी म्हणत होता. ज्ञान होते. ते माझ्यापर्यंत चालत आले नव्हते, आणि मीही त्याच्याकडे दोन पावले गेलो नव्हतो.

लोक म्हणतात, हा अमक्या जातीचा आजार. अमेरिकेतही काळ्या लोकांचाच आजार म्हणून शिक्का बसला होता, पण तो ग्रीकांत निघाला, अरबांत निघाला. डासाला जात कळत नाही. जंगलाच्या, मलेरियाच्या मुलुखात जे पिढ्यान्‌पिढ्या राहिले त्यांच्यात तो आला. आणि तो त्याच त्याच समाजांत का राहिला म्हणाल, तर आपण सोयरिकी जातीतच करत आलो म्हणून. कुंपण माणसांनी घातले, नाव मात्र रक्ताला ठेवले.

इथवरचा इतिहास शोधाचा. या पुढचा इतिहास आहे त्या माहितीचे आपण काय केले याचा, आणि मला तोच जास्त अवघड वाटला.

याच लायनस पॉलिंग यांना १९५४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, पुढे शांततेचेही. मोठा माणूस, अण्वस्त्रांविरुद्ध उभा राहिलेला. त्यांनी १९६८ मध्ये एका लेखात सुचवले, की सिकलसेलची प्रत असलेल्या तरुणांच्या कपाळावर तशी खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत! हेतू वाईट नव्हता. मुलांचे हाल टळावेत एवढाच होता. पण युद्धात वंशावरून शिक्का बसलेल्या इटानोबरोबर ज्यांनी काम केले, त्यांना कपाळावरचा शिक्का म्हणजे काय हे सुचू नये, याचे नवल वाटते.

कपाळावर कोणी गोंदले नाही, पण तसे घडलेच. १९७२ मध्ये अमेरिकेत सिकलसेलविषयी राष्ट्रीय कायदा झाला. त्याच सुमारास अनेक राज्यांनी तपासणी सक्तीची केली. समजावून सांगणारी माणसे पुरेशी नव्हती. वाहक आणि रोगी यांत घोळ झाला. धडधाकट वाहकांना नोकर्‍या नाकारल्या, विम्याला जास्त पैसे पडले. वायुसेनेच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. १९८१! मी इकडे शिक्का मारत होतो, ते तिकडे.

ग्रीसमधल्या ओर्कोमेनोस गावची गोष्ट तर आपल्या गावासारखीच आहे. तिथे पुष्कळ लोक वाहक होते. शास्त्रज्ञांनी गावाची तपासणी केली, ज्याला त्याला निकाल सांगितला आणि वाहकांनी वाहकाशी लग्न टाळावे असा सल्ला दिला. काही वर्षांनी पाहिले तर वाहक-वाहक लग्ने जवळजवळ तितकीच, जितकी काही न सांगता झाली असती! कारण लोकांनी निकाल लपवले. वाहक म्हटले की चांगले स्थळ मोडते, हे गावाने पहिल्यांदा शिकून घेतले. ज्याचा उपयोग व्हायचा ती माहिती पेटीत गेली, आणि बाहेर उरली ती कुजबूज.

आपल्याकडे आता तपासणी मोठ्या प्रमाणावर सुरू आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांना तपासायचे आणि २०४७ पर्यंत आजाराचे उच्चाटन करायचे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासलेल्यांना कार्ड मिळते. लग्नाआधी दोघांनी कार्डे जुळवून पाहावीत हा विचार चांगलाच आहे. आपण पत्रिका जुळवतोच, त्यापेक्षा ही पत्रिका नक्कीच खरी. पण जुळवायची म्हणजे दोन्ही बघायच्या! एकच बघून स्थळ नाकारायचे असेल तर त्याला जुळवणे म्हणत नाहीत.

आणि आजार असला म्हणजे सगळे संपले असेही आता नाही. आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते, ते दोर्‍या होऊ देत नाही. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने ते पुन्हा वाढते. अमेरिकेत १९९८ पासून ते मोठ्या माणसांना देतात. नागपूरच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये दाखवले की कमी मात्रेतही आपल्याकडच्या जास्त त्रास असलेल्या मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या व्हिक्टोरिया ग्रे या बाईंवर जनुकात बदल करण्याचे उपचार झाले आणि तिचे ठणके थांबले. २०२३ च्या अखेरीस आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने त्या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर! आपल्या दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी स्वस्तात होईल अशी देशी पद्धत तयार केली असून नोव्हेंबर २०२५ मध्ये तिची घोषणा झाली. नाव ठेवले आहे 'बिरसा १०१', बिरसा मुंडांवरून. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी त्यासाठी करारही झाला. ती गडचिरोलीच्या शेवटच्या पाड्यापर्यंत पोचो, एवढेच देवाजवळ मागणे. तोवर गोळी, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, आणि पोरगा 'ठणकते' म्हणाला तर त्यावर विश्वास, हेच उपचार. शेवटच्या उपचाराला डॉक्टर लागत नाही.

तर पुन्हा त्या मुलीकडे. मुलगा 'एए'. त्याच्या रिपोर्टात खाली थॅलेसेमियाही नाही असे स्पष्ट लिहिलेले. (ते पाहणे जरूर असते, कारण सिकलसेलचा वाहक आणि थॅलेसेमियाचा वाहक यांच्या मुलालाही गंभीर आजार होऊ शकतो.) म्हणजे या दोघांच्या मुलाला सिकलसेल आजार होण्याचा संभवच नव्हता. मगाशी लक्षात ठेवायला सांगितलेले वाक्य ते हेच. कार्डे जुळली होती. मोडली ती माणसांनी.

मी मुलाच्या वडिलांना भेटायला गेलो होतो. कागदावर छापा-काटा काढून दाखवला. त्यांनी चहा पाजला, शांतपणे ऐकून घेतले. निघताना म्हणाले, "गुरुजी, तुमचं बरोबर असेल. पण लोक काय म्हणतील?" सोयरीक काही पुन्हा जुळली नाही. आता हरकत नाही, मुलीनेच सांगितले, की असल्या घरी मलाच जायचे नाही.

जाताना तिने मला एक विचारले. "आजोबा, पुढच्या वेळी सांगू की लपवू?"

मी म्हणालो, सांग. आणि आपले कार्ड टेबलावर ठेवताना त्याचेही मागून घे. मी बरोबर येईन, कागद-पेन्सिल घेऊन.

मंडळी, तुमच्या घरात कोणाचे लग्न निघाले असेल तर दोघांचेही रक्त जरूर तपासा. निकाल कळला की तो आधी समजून घ्या, मग बोला. आणि कोणी शिक्षक हे वाचत असतील तर त्यांना एवढेच सांगणे, वर्गात एखादे पोर वरचेवर ठणकते म्हणत असेल, तर त्याला मैदानात पाठवू नका. दवाखान्यात पाठवा. जमल्यास स्वतः घेऊन जा.

मला जमले असते.